मेलसेवेच्या डीएनएस नोंदी टाकून तीन दिवस झाले, पडताळणी अजून 'प्रलंबित'. काय चुकतंय?

काठावरचा (सोमवार, रात्री ९:१०)

नमस्कार मंडळी. एका संस्थेच्या सभासद-नोंदणीचं छोटं ॲप मी सांभाळतो. त्यातून दोनच प्रकारच्या मेल जातात: नोंदणीची खात्री आणि पासवर्ड बदलायची लिंक. आत्तापर्यंत ॲप ज्या सर्व्हरवर आहे तिथूनच थेट पाठवत होतो. निम्म्या मेल स्पॅममध्ये जायच्या, आणि जीमेलवाल्यांच्या तर कित्येक '५५०-५.७.२६' (पाठवणाऱ्याची ओळख पटत नाही) म्हणत परतच यायच्या. 'लिंक आलीच नाही' हे ऐकून कान किटले, म्हणून शेवटी मेल पाठवणारी एक सेवा घेतली.

डोमेन जोडायला सेवेने सहा डीएनएस नोंदी (डोमेनच्या नावाखाली ठेवायची माहिती) दिल्या: तीन सीनेम, एक एमएक्स, दोन टीएक्सटी. डोमेन जिथून घेतलं त्या कंपनीच्या पॅनेलमध्ये जाऊन अक्षर न अक्षर ताडून भरल्या. पॅनेलमध्ये व्यवस्थित दिसतात. पण सेवेच्या डॅशबोर्डवर सहाच्या सहा ओळींपुढे 'प्रलंबित'. मदतकक्षाला विचारलं तर '४८ तास थांबा, प्रोपगेशन चालू आहे'. ४८ चे ७२ झाले.

जाणकारांनी प्रकाश टाकावा. खरं सांगायचं तर या नोंदी नेमकं काय करतात हेच मला कळलेलं नाही, नुसतं कॉपी-पेस्ट केलंय.

ता.क. खरं डोमेन देत नाही, त्याऐवजी एक्झाम्पल.कॉम लिहितो, सेवेचं एक्झाम्पल.नेट. इथे सगळं देवनागरीत लिहिलंय, पॅनेलमध्ये अर्थात रोमनच आहे.

रात्रपाळी (सोमवार, रात्री ९:३८)

'४८ तास थांबा' हे डीएनएसमधलं 'साहेब मीटिंगमध्ये आहेत'.

नवीन नोंद कुठे पसरत वगैरे नाही. नेमसर्व्हरवर, म्हणजे डोमेनच्या नोंदी सांगणाऱ्या सर्व्हरवर, ती आली की विचारेल त्याला उत्तर मिळतं, बहुतेक ठिकाणी मिनिटा-दोन मिनिटांत. उशीर होतो तो साठवलेल्या उत्तरांमुळे. जुनी नोंद बदललीत तर रिझॉल्व्हर (आपल्या वतीने डीएनएसला विचारणारे सर्व्हर) जुनंच उत्तर टीटीएल (किती सेकंद साठवायचं तो आकडा) संपेपर्यंत देत राहतात. टीटीएल ३६०० असेल तर तासभर. आणि नोंद टाकायच्या आधीच कुणी ती विचारून गेलं असेल तर 'अशी नोंद नाही' हे उत्तरसुद्धा साठवलं जातं. ते किती वेळ, हे झोनच्या (डोमेनच्या सगळ्या नोंदींच्या संचाच्या) एसओए या मूळ नोंदीत ठरलेलं असतं. लोक उत्साहाने आधी डॅशबोर्डवर 'तपासा' दाबतात, मग नोंद टाकायला जातात, आणि मग बोटं मोडत बसतात.

४८ तास खरोखर लागू शकतात ते नेमसर्व्हरच बदलल्यावर. .कॉमच्या वरच्या सर्व्हरांवर त्या नोंदींचा टीटीएल १,७२,८०० सेकंद असतो, म्हणजे बरोबर दोन दिवस. तुम्ही नेमसर्व्हरला हातच लावलेला नाही. तेव्हा तीन दिवसांनंतर वाट बघण्यात अर्थ नाही.

टर्मिनलमध्ये 'डिग एनएस एक्झाम्पल.कॉम' (डिग म्हणजे डीएनएसला प्रश्न विचारायची आज्ञा) टाका आणि कुणाचे नेमसर्व्हर येतात ते सांगा. विंडोजवर डिग नसेल तर एनएसलुकअप चालेल.

टिंबटिंब (सोमवार, रात्री ९:५१)

वाचतोय. माझंही असंच काहीसं आहे, पण माझ्याकडे उलटं: सगळं हिरवं आहे आणि तरी मेल स्पॅममध्ये. आधी धागाकर्त्याचं होऊ दे, मग विचारतो.

काठावरचा (सोमवार, रात्री १०:०५)

अरे देवा.

नेमसर्व्हर भलत्याच कंपनीचे आले. आता आठवलं. माझ्या आधी जो हे काम बघायचा त्याने साइट हलवली तेव्हा डीएनएसही हलवलं असणार. डोमेनचं नूतनीकरण मात्र जुन्या ठिकाणीच होतं, म्हणून मी तिथेच नोंदी भरत बसलो. आणि ते पॅनेलही गुपचूप 'सेव्ह झालं' म्हणत राहिलं!

मुक्काम पोस्ट (सोमवार, रात्री १०:०९)

म्हणजे रिकाम्या घराच्या दाराला पाटी लावून तीन दिवस पोस्टमनची वाट बघितलीत.

सायंतारा (सोमवार, रात्री ११:२०)

काठावरचा, नोंदी खऱ्या जागी हलवण्याआधी थोडं वाचून घ्या, म्हणजे पुढची चूक स्वतःच पकडाल. जरा लांबलंय, सांभाळून घ्या.

मेलला दोन प्रेषक असतात: एक पाकिटावरचा, दुसरा आतल्या कागदावरचा. पाकिटावरचा म्हणजे पाठवणारा सर्व्हर एसएमटीपीच्या (मेल पाठवायच्या ठरलेल्या पद्धतीच्या) बोलण्यात 'मेल फ्रॉम' म्हणून सांगतो तो. मेल पोचली नाही तर ती याच पत्त्यावर परत येते, म्हणून त्याला रिटर्न-पाथ म्हणतात. आतला म्हणजे 'फ्रॉम:' ही ओळ, वाचणाऱ्याला दिसते ती. १९८२ च्या आरएफसी ८२१ (इंटरनेटच्या नियमांचा एक दस्तऐवज) मध्ये एसएमटीपी लिहिलं गेलं तेव्हा या दोन्हींपैकी काहीच तपासायची सोय नव्हती. कुणीही कुणाचंही नाव लिहावं आणि पाठवावं. त्या ढिलाईला आपण अजून ठिगळं लावतोय.

पहिलं ठिगळ एसपीएफ. मेल घेणारा सर्व्हर पाकिटावरच्या डोमेनच्या टीएक्सटी (साध्या मजकुराच्या) नोंदीत बघतो, की ज्या आयपीवरून ही मेल आली त्याला या डोमेनने परवानगी दिली आहे का. आतल्या फ्रॉम: कडे एसपीएफ ढुंकूनही बघत नाही. हे वाक्य परत एकदा वाचा; निम्मा गोंधळ इथूनच सुरू होतो.

दुसरं डीकिम. पाठवणारा मेलच्या मजकुरावर आणि ठरावीक हेडरांवर खाजगी चावीने सही करतो. सार्वजनिक चावी डीएनएसमध्ये 'सिलेक्टर._डोमेनकी.एक्झाम्पल.कॉम' अशा नावाखाली असते (सिलेक्टर म्हणजे त्या चावीचं नाव). तुमचे तीन सीनेम म्हणजे हेच. चावी तुमच्याकडे नाहीच, ती सेवेच्या डीएनएसमध्ये आहे. सीनेम फक्त 'तिकडे विचारा' सांगतो. त्यामुळे सेवा तुम्हाला न विचारता चाव्या बदलू शकते, आणि त्यासाठीच एकाहून जास्त सीनेम देतात: ॲमेझॉन एसईएस तीन देतं, सेंडग्रिड डीकिमसाठी दोन. काही सेवा सीनेमऐवजी चावीच थेट टीएक्सटीमध्ये टाकायला देतात.

तिसरं डीमार्क, २०१२ मध्ये जाहीर झालेलं. हे नवीन काही तपासत नाही, नुसतं जुळवून बघतं: वाचणाऱ्याला दिसणाऱ्या फ्रॉम: चं डोमेन आणि एसपीएफ किंवा डीकिम ज्या डोमेनच्या नावाने पास झालं ते डोमेन एकाच घरातलं आहे का? दोहोंपैकी एक जुळलं तरी पुरे. उपडोमेनही चालतं, मुद्दाम कडक ठेवलं नसेल तर. आणि जुळलं नाही तर काय करायचं ते डीमार्क नोंदीतल्या पी= मध्ये लिहिलेलं असतं: नन (काही नको), क्वारंटाइन (स्पॅममध्ये टाका) किंवा रिजेक्ट (घेऊच नका).

आता तुमच्या उरलेल्या तीन नोंदी. एमएक्स आणि एक टीएक्सटी बहुतेक 'बाउन्स' किंवा 'सेंड' अशा उपडोमेनवर असतील. तो तुमचा रिटर्न-पाथ. परत आलेल्या मेल सेवेकडे जाव्यात म्हणून एमएक्स (मेल कुठल्या सर्व्हरकडे न्यायची ते सांगणारी नोंद), आणि तिथला एसपीएफ म्हणून टीएक्सटी. शेवटची टीएक्सटी '_डीमार्क'वर.

जुना खिळा (मंगळवार, सकाळी ७:४४)

सायंताराताईंनी छान मांडलंय. एक धोक्याची पाटी माझ्याकडून: तो एमएक्स उपडोमेनवरच टाका!

मी एकदा घाईत नावाचा रकाना रिकामा सोडला. रिकामा रकाना म्हणजे मूळ डोमेन. वर प्राधान्य १०, आणि ऑफिसच्या मेलबॉक्सचं होतं २०. आकडा लहान त्याचा मान आधी, त्यामुळे ऑफिसला येणारी प्रत्येक मेल दुपारभर त्या सेवेच्या दारात जाऊन पडत होती. 'आज अगदी शांत आहे, एकही मेल नाही' असं साहेब चहाच्या वेळी कौतुकाने म्हणाले तेव्हा माझ्या पोटात गोळा आला.

तसंच, सीनेम कधीही मूळ डोमेनवर ठेवू नका. एका नावावर सीनेम असला की त्या नावावर दुसरी नोंद चालत नाही, आणि मूळ डोमेनवर एनएस आणि एसओए तर असतातच.

काठावरचा (मंगळवार, सकाळी ९:३०)

सायंताराताई, आयुष्यात पहिल्यांदा कळलं. खऱ्या पॅनेलमध्ये नोंदी टाकल्या. दहा मिनिटांत एमएक्स आणि दोन्ही टीएक्सटी हिरव्या! पण तिन्ही सीनेम अजून प्रलंबित. मूल्यं तीनदा ताडून पाहिली, बरोबर आहेत.

रात्रपाळी (मंगळवार, सकाळी ९:४१)

मूल्य बरोबर असेल, नाव बघा. सेवेच्या पानावरून पूर्ण नाव कॉपी केलंत ना, शेवटी एक्झाम्पल.कॉम असलेलं? बरीच पॅनेलं तुमच्या नावामागे डोमेन आपणहून जोडतात. हे विचारून बघा:

डिग सीनेम सिलेक्टर१._डोमेनकी.एक्झाम्पल.कॉम.एक्झाम्पल.कॉम

उत्तर आलं तर चोर सापडला.

काठावरचा (मंगळवार, सकाळी ९:४९)

उत्तर आलं. :(

एमएक्स आणि टीएक्सटीची नावं लहान होती म्हणून हाताने टाइप केली होती, सीनेमची लांबलचक म्हणून पेस्ट केली. नेमकी तीच दुहेरी झाली. आता शेपूट कापलं. एक हिरवा, दोन बाकी... (पाच मिनिटांनी) तिन्ही हिरवे!!

मुक्काम पोस्ट (मंगळवार, सकाळी १०:०२)

अभिनंदन. धागा बंद करायचा का?

सायंतारा (मंगळवार, सकाळी १०:१५)

इतक्यात नको. डॅशबोर्डवरचा हिरवा रंग सांगतो की सेवेला तिच्या नोंदी सापडल्या. समोरच्याकडे मेल पोचते तेव्हा काय निकाल लागतो ते मेलच्या हेडरातच दिसतं. ॲपमधून स्वतःच्या जीमेलवर पासवर्डची लिंक मागवा, मेलचा मूळ मजकूर उघडा आणि 'ऑथेंटिकेशन-रिझल्ट्स'ची ओळ इथे द्या.

टिंबटिंब, तुम्हीही द्या. तुमची गोष्ट मला जास्त इंटरेस्टिंग वाटतेय.

टिंबटिंब (मंगळवार, दुपारी १:०७)

ही माझी. डोमेन लपवलंय, धागाकर्त्यासारखंच.

डीकिम=पास हेडर.आय=@एक्झाम्पल.नेट
एसपीएफ=पास एसएमटीपी.मेलफ्रॉम=बाउन्सेस.एक्झाम्पल.नेट
डीमार्क=फेल (पी=नन) हेडर.फ्रॉम=एक्झाम्पल.कॉम

दोन विषयांत पास आणि निकाल नापास? हे कसं?

सायंतारा (मंगळवार, दुपारी १:३०)

पास झालेत ते दुसऱ्याच्या हॉलतिकिटावर. :) डीकिम कुणाच्या नावाने पास झालं? एक्झाम्पल.नेट, म्हणजे सेवेच्या. एसपीएफ? तेही सेवेच्या पाकिटावर. फ्रॉम: मात्र तुमचं. यात एक्झाम्पल.कॉम या नावाची ग्वाही कुणीच दिलेली नाही, म्हणून डीमार्क नापास.

माझा अंदाज: तुम्ही डोमेन जोडलेलंच नाही, फक्त एक पत्ता जोडलाय. 'या लिंकवर टिचकी मारून पत्ता तुमचा असल्याची खात्री करा' असं काहीतरी. त्याने सेवेची खात्री पटते आणि ती तुमच्यापुढे हिरवी खूण करते. मेल घेणाऱ्याला त्याचा काही पत्ता नसतो.

टिंबटिंब (मंगळवार, दुपारी १:३६)

अगदी तसंच केलंय! कमाल आहात. आता डोमेन जोडतो.

टिंबटिंब (मंगळवार, दुपारी ३:१५)

जोडलं, पण दोन अडचणी.

१. डीकिमचे सीनेम सापडत नाहीत म्हणतोय. नाव दुहेरी नाही, तपासलं. पॅनेलमध्ये त्या ओळींपुढे ढगाचं नारिंगी चिन्ह आहे, त्याचा संबंध आहे का?

२. मदतपानावर लिहिलंय की मूळ डोमेनच्या एसपीएफमध्ये सेवेचा इन्क्लूड (तिची परवानगी-यादी जोडणारा शब्द) टाका. मी तशी नवीन टीएक्सटी टाकली, आणि तेव्हापासून ऑफिसच्या मेलही स्पॅममध्ये जायला लागल्यात. आधी निदान त्या तरी धड होत्या.

रात्रपाळी (मंगळवार, दुपारी ३:२२)

१ चं उत्तर: हो. ते चिन्ह म्हणजे प्रॉक्सी, मध्ये उभा राहणारा सर्व्हर. ती बंद करा, फक्त डीएनएस ठेवा. प्रॉक्सी चालू असली की त्या नावाचा सीनेम बाहेर दिसतच नाही, मधल्या सर्व्हरांचे आयपी दिसतात. वेबसाइटला ते ठीक. चावी शोधत आलेल्या मेल सर्व्हरने त्या आयपींचं काय करायचं?

जुना खिळा (मंगळवार, दुपारी ४:१०)

२ चं उत्तर देतो, कारण हा माझा जुना राग आहे.

एका नावावर एसपीएफची नोंद एकच हवी. दोन झाल्या की तपासणारा 'कोणती खरी' या फंदात पडत नाही, सरळ 'पर्मएरर' (नोंदच चुकीची) देतो. दोन्ही बाद! तुमच्या ऑफिसच्या मेलची आधीची नोंद तिथे होतीच, तुम्ही शेजारी दुसरी ठेवलीत. एकत्र करायचं तर असं:

व्ही=एसपीएफ१ इन्क्लूड:ऑफिसवाले इन्क्लूड:सेवावाले ~ऑल

सुरुवात एकदाच, ऑल एकदाच, तेही शेवटी. ऑलच्या पुढे काही लिहिलंत तर कुणी वाचत नाही.

पण थांबा, खरा मुद्दा पुढेच आहे. सायंताराताईंचं 'परत वाचा' म्हटलेलं वाक्य आठवा. एसपीएफ पाकीट बघतो, आणि तुमच्या सेवेचं पाकीट आता उपडोमेनवर आहे. मग मूळ डोमेनच्या एसपीएफमध्ये तिचा इन्क्लूड हवाच कशाला? कुणी विचारायलाच येत नाही तिथे. तरी जुन्या मदतपानांवर ते लिहिलेलं असतं आणि लोक इमानेइतबारे भरतात. दर दोन वर्षांनी नवी सेवा घेतली की एक इन्क्लूड वाढतो, जुना कुणी काढत नाही.

आणि एसपीएफला मर्यादा आहे: एका तपासणीत डीएनएसला जास्तीत जास्त १० वेळा विचारता येतं, आरएफसी ७२०८ प्रमाणे. इन्क्लूड, ए, एमएक्स, पीटीआर, एक्झिस्ट्स, रीडायरेक्ट सगळे यात मोजले जातात, आणि इन्क्लूडच्या पोटातले इन्क्लूडसुद्धा. आयपी४, आयपी६ आणि ऑल मोजत नाहीत. तुम्हाला पॅनेलमध्ये चार इन्क्लूड दिसतात, आत बारा निघतात, आणि अकराव्याला पर्मएरर. मी पाहिलेल्या एका नोंदीत बंद पडलेल्या सर्वेक्षण-सेवेचा इन्क्लूड सहा वर्षं तसाच होता. रिकामं उत्तर देणाऱ्या नावांसाठी तर मर्यादा आणखी कडक आहे: दोनच माफ.

तर नवीन टीएक्सटी पुसून टाका, जुनी होती तशी राहू द्या. मात्र ~ऑल ('बाकीचे संशयास्पद') काढून -ऑल ('बाकीचे नामंजूर') करा, हे माझं मत.

सायंतारा (मंगळवार, सायंकाळी ५:०२)

शेवटचं वाक्य सोडून सगळ्याला +१.

-ऑलवर माझी हरकत आहे. समजा एखाद्या सभासदाने जुन्या पत्त्याच्या मेल जीमेलकडे वळवल्या आहेत. आपली मेल तिथून पुढे जाते तेव्हा आयपी वळवणाऱ्याचा असतो, आणि पाकीट बदललेलं नसेल तर एसपीएफ नापास. डीकिमची सही मात्र शाबूत असते, म्हणजे डीमार्क पास व्हायला हवं. पण -ऑल दिसल्यावर काही सर्व्हर पाकीट बघूनच दार लावतात. आतला कागद आणि त्यावरची सही बघायची वेळच येत नाही. ~ऑल ठेवलं की निर्णय डीमार्ककडे जातो.

जुना खिळा (मंगळवार, सायंकाळी ५:४०)

पाकीट बदलायची जबाबदारी वळवणाऱ्याची, आपण का ढिलं राहायचं? पण ठीक, डीकिम आणि डीमार्क दोन्ही नीट असतील तर ~ऑल मान्य. ज्या डोमेनवरून एकही मेल जात नाही तिथे मात्र 'व्ही=एसपीएफ१ -ऑल' आणि डीमार्कला रिजेक्ट. यावर भांडू नका.

सायंतारा (मंगळवार, सायंकाळी ५:४३)

तिथे भांडण नाहीच.

टिंबटिंब (मंगळवार, रात्री ८:२०)

ढग विझवला, जादा टीएक्सटी पुसली. तिन्ही पास, आणि आता हेडर.आय माझ्या डोमेनचं आहे. पहिली मेल थेट इनबॉक्समध्ये. वाचनखूण साठवतोय.

काठावरचा (मंगळवार, रात्री ९:३०)

माझ्याकडेही तिन्ही पास. डीमार्क सेवेने दिलं तसं पी=नन ठेवलंय, अहवालासाठी आरयूए मध्ये माझा खाजगी जीमेल पत्ता टाकलाय. 'नन' म्हणजे काहीच करू नका, मग उपयोग काय?

सायंतारा (मंगळवार, रात्री १०:०५)

उपयोग त्या अहवालांचाच. पण खाजगी जीमेलवर ते बहुतेक येणार नाहीत. अहवाल दुसऱ्या डोमेनवर मागवायचा तर त्या डोमेनने 'हो, याचे अहवाल मी घेतो' अशी नोंद आपल्या डीएनएसमध्ये ठेवावी लागते. नाहीतर कुणीही कुणावरही अहवालांचा मारा केला असता. जीमेल तुमच्यासाठी ती नोंद कशाला ठेवेल? आपल्याच डोमेनवर एक पेटी उघडा आणि तो पत्ता द्या.

मोठे मेलवाले साधारण रोज एक अहवाल पाठवतात. दाबून बांधलेली एक्सएमएल फाइल असते, उघडलीत तर घाबरू नका. त्यात कोणत्या आयपीवरून तुमच्या नावाने किती मेल आल्या आणि एसपीएफ, डीकिमचं काय झालं एवढंच असतं. दोन-तीन आठवडे वाचा. तुमच्या नावाने मेल पाठवणारं असं काहीतरी निघतंच जे तुम्ही विसरलेले असता.

मुक्काम पोस्ट (बुधवार, सकाळी ८:१५)

भाबडा प्रश्न: हे सगळं न करता पूर्वी चालायचं की. आताच का एवढं?

जुना खिळा (बुधवार, सकाळी ८:५०)

फेब्रुवारी २०२४ पासून गूगल आणि याहूने नियम कडक केले. जीमेलच्या खाजगी पत्त्यांवर दिवसाला ५,००० किंवा जास्त मेल पाठवत असाल तर एसपीएफ, डीकिम, डीमार्क तिन्ही हवं, जाहिरातवजा मेलला एका टिचकीत नाव काढायची सोय हवी, आणि स्पॅमच्या तक्रारी ०.३ टक्क्यांखाली हव्यात. कमी पाठवणाऱ्यालाही एसपीएफ किंवा डीकिमपैकी एक लागतंच; काठावरच्या भाऊंना ५.७.२६ मिळत होतं ते त्यामुळेच. आउटलूकने मे २०२५ पासून असाच ५,००० चा नियम आणला.

डीमार्क त्याआधी कुणी लावतच नव्हतं असं मात्र नाही. याहूने स्वतःच्या पत्त्यांना एप्रिल २०१४ मध्येच रिजेक्ट लावलं, आणि जगभरच्या मेलिंग लिस्टा कोलमडल्या.

काठावरचा (बुधवार, सकाळी ९:२०)

खिळाकाका, याहूवरून आठवलं. आमच्या साइटवर 'संपर्क' फॉर्म आहे. याहूचा पत्ता देणाऱ्यांचे निरोप आम्हाला कधी मिळतच नाहीत, अशी जुनी तक्रार आहे. संबंध असेल का?

रात्रपाळी (बुधवार, सकाळी ९:२८)

फॉर्मवरून येणाऱ्या मेलच्या फ्रॉम: मध्ये कोण असतं? भरणाऱ्याचा पत्ता?

काठावरचा (बुधवार, सकाळी ९:३३)

हो. म्हणजे 'उत्तर द्या' दाबलं की थेट त्याला जावं म्हणून.

रात्रपाळी (बुधवार, सकाळी ९:४०)

मग तुमचा सर्व्हर याहूचं नाव लावून मेल पाठवतोय, आणि याहूने जगाला सांगून ठेवलंय की असं कुणी केलं तर फेकून द्या. समोरचा सर्व्हर सांगितलेलं काम करतोय. फ्रॉम: मध्ये तुमच्याच डोमेनचा पत्ता ठेवा, भरणाऱ्याचा 'रिप्लाय-टू' मध्ये. 'उत्तर द्या' दाबल्यावर जाईल त्यालाच.

काठावरचा (बुधवार, सकाळी ११:०५)

केलं. याहूवरून चाचणी निरोप टाकला, आला! ही कटकट माझ्याही आधीपासूनची होती.

टिंबटिंब (शुक्रवार, दुपारी २:४०)

परत मीच. दुसऱ्या एका डोमेनवर दुसरी सेवा, तिने डीकिमची चावी थेट टीएक्सटीत दिलीय. डीकिम=पर्मएरर येतंय. डिगने विचारलं तर चावी मध्येच तुटलेली दिसते.

सायंतारा (शुक्रवार, दुपारी ३:०५)

२०४८ बिटांची चावी असणार. ती चारशेच्या आसपास अक्षरांची होते, आणि टीएक्सटीच्या एका तुकड्यात २५५ च मावतात. नियमाप्रमाणे एकाच नोंदीत दोन तुकडे ठेवायचे, प्रत्येक आपापल्या अवतरणचिन्हांत. वाचणारा ते मध्ये जागा न सोडता जोडून घेतो. चांगली पॅनेलं हे आपोआप करतात. काही २५५ नंतरचं गुपचूप कापतात. आणि चावी वर्ड किंवा चॅटमधून आणली असेल तर अवतरणचिन्हं वाकडी झालीत का, मध्ये ओळ तुटलीय का तेही बघा.

'१०२४ ची घेतो, लहान असते' म्हणाल, म्हणून आधीच सांगते: चालते, पण २०४८ च शिफारस आहे. ५१२ चा तर विषयच नको. २०१२ मध्ये एका गणितज्ञाने खुद्द गूगलची ५१२ बिटांची चावी फोडून दाखवली होती.

टिंबटिंब (शुक्रवार, दुपारी ३:३२)

कापलीच होती. दोन तुकडे करून टाकली, पास. आता गप्प बसतो.

काठावरचा (तीन आठवड्यांनी, सोमवार, सकाळी १०:१२)

धागा वर काढतोय. अहवाल नियमित वाचले. आमच्या सेवेचे आयपी सगळे पास. एक अनोळखी आयपी होता, त्यावरून रोज दहा-पंधरा मेल, एसपीएफ आणि डीकिम दोन्ही नापास. कुणीतरी आपलं नाव वापरतंय, बघू आता, असं म्हणून काल रात्री पी=क्वारंटाइन केलं आणि समाधानाने झोपलो.

सकाळी आठला हिशेबनीसांचा फोन: 'वर्गणीच्या पावत्या कुणालाच मिळत नाहीयेत, सगळ्या स्पॅममध्ये.'

पावत्या एका वेगळ्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमधून जातात, आणि ते आपल्याच डोमेनच्या नावाने पाठवतं. रोज दहा-पंधरा.

मुक्काम पोस्ट (सोमवार, सकाळी १०:१५)

चोर घरातलाच!

सायंतारा (सोमवार, सकाळी १०:२१)

आधी परत पी=नन करा. टीटीएल किती ठेवलाय?

काठावरचा (सोमवार, सकाळी १०:२४)

केलं. ३६००. म्हणजे अजून तासभर काही पावत्या स्पॅममध्ये जाणार.

रात्रपाळी (सोमवार, सकाळी १०:३०)

पॉलिसी बदलायच्या आदल्या दिवशी टीटीएल ३०० वर आणायचा असतो, हे सांगायचं आमच्याकडूनच राहिलं. त्या सॉफ्टवेअरच्या सेटिंगमध्ये 'स्वतःचं डोमेन' किंवा डीकिम असं काही आहे का बघा.

काठावरचा (सोमवार, दुपारी १२:५०)

आहे! दोन सीनेम देतंय. टाकले (शेपूट कापून). त्याचा सिलेक्टर वेगळा आहे, त्यामुळे आधीच्या तीनशी भांडण नाही. आत्ता स्वतःलाच एक पावती पाठवली:

डीकिम=पास हेडर.आय=@एक्झाम्पल.कॉम
एसपीएफ=पास एसएमटीपी.मेलफ्रॉम= (हिशेबवाल्यांचं डोमेन)
डीमार्क=पास (पी=नन) हेडर.फ्रॉम=एक्झाम्पल.कॉम

एसपीएफ जुळत नाही, पण डीकिम जुळतं, म्हणून पास. बरोबर ना, ताई?

सायंतारा (सोमवार, दुपारी १:०४)

बरोबर. आता दोन आठवडे अहवाल बघा, मगच परत क्वारंटाइन. आणि या वेळी हिशेबनीसांना आधी सांगून.

काठावरचा (सोमवार, दुपारी १:१०)

सांगितलं. ते म्हणाले, 'शुक्रवारी रात्री काही करू नका एवढंच.'